गाडीचं ‘रनिंग’ किती? एका आकड्यावरच्या विश्वासाचा इतिहास

सेकंड हँड गाडी बघायला गेलेला माणूस पहिले दोन प्रश्न विचारतो. गाडी कुठल्या सालची? आणि रनिंग किती झालंय? सालाचं उत्तर आरसीवर छापलेलं असतं. रनिंगचं उत्तर मात्र स्टिअरिंगमागच्या एका छोट्या खिडकीत असतं. विकणारा त्या खिडकीकडे बोट दाखवतो, आपण आकडा वाचतो, मान डोलावतो आणि भावाची बोलणी सुरू होतात.

आता जरा थांबा आणि संशोधक म्हणून विचार करा. तो आकडा कोणी मोजला? कशाने मोजला? मोजल्यापासून आजपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता? आणि तो कमी दिसला तर फायदा कोणाचा? नेटच्या पेपर एकमध्ये किंवा पेटच्या अभ्यासात आपण ‘विश्वसनीयता’ आणि ‘वैधता’ यांच्या व्याख्या पाठ करतो. त्या व्याख्या खऱ्या पैशांवर, खऱ्या फसवणुकीवर कशा घासल्या गेल्या हे बघायचं असेल, तर ओडोमीटरचा इतिहास फार चांगला आहे. पीएचडीला प्रवेश घेण्याआधी तो वाचलात तर कधीतरी गाडी घेताना उपयोगी पडेल. पण दुसऱ्याचा डेटा वापरायला घ्याल तेव्हा त्याहून जास्त उपयोगी पडेल.

खडे मोजणारा रथ

अंतर मोजणारं चाक मोटारीपेक्षा खूप जुनं आहे. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हिअस याने आपल्या स्थापत्यग्रंथाच्या दहाव्या भागात असं यंत्र लावलेल्या रथाचं वर्णन केलंय. रथाचं चाक एका फेरीत साडेबारा फूट जातं. अशा ४०० फेऱ्या झाल्या की ५,००० फूट होतात, म्हणजे एक रोमन मैल. दातेरी चाकांची रचना अशी, की मैल पुरा झाला की एक गोल खडा खालच्या पितळी भांड्यात पडतो आणि आवाज होतो. दिवसअखेर खडे मोजले की किती मैल झाले ते कळतं. प्राचीन चीनमध्येही दर ‘ली’ अंतराला लाकडी बाहुली ढोल वाजवेल अशी गाडी होती. भारतात ब्रिटिश सर्वेक्षकांनी रस्ते मोजायला दांडा लावलेलं मोजणी-चाक वापरलं.

यातला माझा आवडता प्रसंग १८४७ सालचा, अमेरिकेतला. मॉर्मन पंथीयांचा एक तांडा बैलगाड्यांतून पश्चिमेकडे निघाला होता. रोज किती अंतर कापलं हे जो तो अंदाजाने सांगायचा. विल्यम क्लेटन नावाच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला हे अंदाज फुगलेले वाटत होते. त्याने एका चाकाचा परीघ मोजला, तो निघाला १४ फूट ८ इंच. म्हणजे ३६० फेऱ्यांत बरोबर एक मैल. (करून बघा: ५,२८० भागिले ३६०.) चाकाला लाल फडकं बांधून ८ मे रोजी तो दिवसभर फेऱ्या मोजत गाडीबरोबर चालला. ४,०७० फेऱ्या भरल्या, म्हणजे सव्वाअकरा मैल आणि वर २० फेऱ्या. बाकीच्यांचा अंदाज होता तेरा-चौदा मैलांचा. लगेच त्याच तांड्यात लाकडी दातेरी चाकांचं यंत्र बनवलं गेलं आणि मोजणी त्याच्याकडे गेली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. क्लेटनचे सोबती खोटं बोलत नव्हते. दमलेल्या माणसाला अंतर जास्त वाटतं, एवढंच. म्हणजे ओडोमीटर जन्माला आला तो स्वतःच्याच अंदाजावर वचक ठेवायला. मोजणारा आणि वापरणारा एकच होता. आकडा कमी-जास्त करून कोणाच्या खिशात काही पडणार नव्हतं.

आकड्याला किंमत येते

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींना ओडोमीटर बसू लागले. रचना साधी होती. चाकाकडून येणारी फिरती तार, तिच्यावर गती खूप कमी करणारे गिअर आणि शून्य ते नऊ आकडे रंगवलेले गोल ड्रम. एक ड्रम पूर्ण फिरला की शेजारचा एक घर पुढे सरकतो. लहानपणी अशा मीटरमधला नऊ हळूच खाली जाऊन शून्य येताना तुम्हीही पाहिला असेल.

हे यंत्र मुळात मालकासाठी होतं. तेल कधी बदलायचं, पेट्रोल किती पितेय, हे कळायला. पण जुन्या गाड्यांचा बाजार वाढला तसा तोच आकडा भाव ठरवायला लागला. इंजिनाची आतली झीज ग्राहकाला दिसत नाही, आकडा दिसतो. मग झिजेच्या जागी आकडा उभा राहिला. संशोधनाच्या भाषेत याला ‘प्रॉक्सी’ म्हणतात: जे मोजता येत नाही त्याच्या बदली जे मोजता येतं ते. आणि प्रॉक्सीवर पैसे लागले की त्याच्याशी खेळ सुरू होतो. तार काढून ठेवणं, ड्रिल लावून ती उलटी फिरवणं, ड्रम सोडवून हाताने आकडे लावणं, असे उद्योग होऊ लागले.

याच सुमारास जुन्या गाड्यांच्या बाजाराने अर्थशास्त्राला एक मोठी कल्पना दिली. जॉर्ज अकेरलॉफ यांचा ‘लेमन्स’वरचा निबंध १९७० साली प्रसिद्ध झाला. (रद्दी निघालेल्या गाडीला अमेरिकन बोलीत ‘लेमन’ म्हणतात.) मुद्दा असा: गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो. चांगल्या गाडीच्या मालकाला ती परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मग बाजारातल्या गाड्यांचा सरासरी दर्जा घसरतो, किंमत आणखी घसरते, आणखी चांगल्या गाड्या निघून जातात. खोटेपणाची खरी किंमत फसलेला एकटा माणूस देत नाही, प्रामाणिक विक्रेताही देतो.

संशोधनाच्या वाटेवर निघालेल्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता; २००१ साली अकेरलॉफ नोबेलच्या मानकऱ्यांत होते. आणि दुसरं, १९६७-६८ हे वर्ष ते दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. त्या निबंधात एक अगदी आपल्या घरातलं उदाहरण येतं: तांदळाच्याच रंगाचे, आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात म्हणून भारतातल्या गृहिणींना तांदूळ निवडून घ्यावा लागतो. सुपात तांदूळ निवडणारी आजी आणि गाडीच्या सर्व्हिसच्या नोंदी तपासणारा ग्राहक एकच काम करत असतात.

सहीवर विश्वास

अमेरिकेने १९७२ साली केंद्रीय कायदा केला. मीटर मागे फिरवणं, तोडून ठेवणं हा गुन्हा ठरला आणि गाडी विकताना मीटरवरचा आकडा लेखी देणं विक्रेत्यावर बंधनकारक झालं. यंत्रावरचा विश्वास उडाला तेव्हा कायद्याने माणसाच्या सहीचा आधार घेतला.

या लेखी निवेदनात एक फार शहाणपणाची सोय होती. विक्रेता तीन गोष्टींपैकी एक सांगू शकत होता: आकडा खरा आहे, आकडा मीटरच्या मर्यादेपलीकडे गेलाय, किंवा आकडा खऱ्या अंतराशी जुळत नाही. मधला पर्याय कशासाठी? तर तेव्हाचे बरेच मीटर पाच आकडी असायचे. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. म्हणजे १,२०,००० मैल धावलेली गाडी कोणीही हात न लावता २०,००० दाखवणार. लबाडी कोणाचीच नाही, यंत्राची कुवत संपली. तुमच्या प्रयोगशाळेतलं उपकरण कमाल मर्यादेला पोचून तोच आकडा दाखवत बसतं, त्याचाच हा भाऊ. म्हणून आकड्याबरोबर आकड्याची अवस्थाही लिहायची असते.

पण सहीच्या पद्धतीत भोक होतं. निवेदन वेगळ्या कागदावर होतं. गाडी तीन-चार हातांतून गेली की मधला कागद गहाळ व्हायचा किंवा बदलायचा. भाड्याने फिरलेल्या, कमी वयाच्या पण खूप धावलेल्या गाड्या यात जास्त असायच्या. म्हणून १९८६ साली सुधारित कायदा आला आणि आकडा थेट मालकीच्या दाखल्यावर, खाडाखोड सहज न करता येणाऱ्या कागदावर लिहायचा असं ठरलं.

दुसऱ्याच वर्षी, जून १९८७ मध्ये, क्रायस्लर या मोटार कंपनीवर आरोपपत्र दाखल झालं. कंपनीचे अधिकारी नव्या गाड्या ओडोमीटरची जोडणी काढून चालवत आणि नंतर त्या नव्या म्हणून विकल्या जात, असा आरोप होता. आकडा होता ६०,००० हून जास्त गाड्यांचा. कंपनीचे प्रमुख ली आयकोका यांना पत्रकार परिषद घेऊन जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. या प्रकरणात कोणी मीटर मागे फिरवला नव्हता. मोजलंच गेलं नव्हतं. बदललेला डेटा आणि घेतलाच न गेलेला डेटा यांत हा फरक आहे, आणि दुसरा प्रकार पकडणं जास्त अवघड. खिडकीतला आकडा बघून तो कधीच कळत नाही.

२००२ साली अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने अंदाज काढला: दरवर्षी साधारण साडेचार लाख गाड्या खोट्या आकड्यावर विकल्या जातात आणि ग्राहकांचं नुकसान वर्षाला शंभर कोटी डॉलरच्या वर जातं. कायदा येऊन तीस वर्षं झाल्यानंतरची ही गोष्ट. सही घेतली म्हणून आकडा खरा झाला नाही, कारण सही करणाराच त्या आकड्यावर पैसे कमावणार होता.

माग ठेवणारी पद्धत

इथून गोष्ट बेल्जियमला जाते, कारण तिथे प्रश्नच वेगळा विचारला गेला. विकण्याच्या दिवशी आकडा खरा आहे का, याऐवजी त्यांनी विचारलं: गाडीच्या आयुष्यात हा आकडा कोणाकोणाच्या नजरेस पडतो? गॅरेजवाला बघतो, टायरवाला बघतो, तांत्रिक तपासणी केंद्रवाला बघतो. यांच्यापैकी कोणालाच ही गाडी विकायची नसते. मग त्यांनाच प्रत्येक वेळी आकडा कळवायला लावा.

२००४ साली कायदा झाला आणि डिसेंबर २००६ पासून ‘कार-पास’ अमलात आला. गाडीवर काम करणाऱ्याने मीटरचा आकडा आणि तारीख मध्यवर्ती नोंदणीत पाठवायची. गाडी विकताना विक्रेत्याने त्या सगळ्या नोंदींचा दाखला द्यायचा. नाही दिला तर ग्राहक व्यवहार रद्द करायची मागणी करू शकतो. देशातल्या गाड्यांमधली मीटरची लबाडी यानंतर झपाट्याने कमी झाली.

युक्ती कुठे आहे बघा. खरं अंतर सतत वाढतच जातं, कधी कमी होत नाही. मग तारीखवार नोंदींच्या ओळीत एक जरी आकडा मागच्यापेक्षा लहान निघाला, तर कुठेतरी गडबड आहे हे शाळकरी मुलालाही कळेल. एकटा आकडा खोटा पाडता येत नाही, ओळ पाडता येते. आणि लबाडी करायची तर वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कारणांनी केलेल्या सगळ्या नोंदी बदलाव्या लागतील.

ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या नोंदी संगणकावर आल्या आणि आता कोणीही गाडीचा नंबर टाकून जुने आकडे फुकट बघू शकतो. ओळख काढून टाकलेला हा तपासण्यांचा डेटा संशोधकांनाही खुला केला गेला. लोक किती गाडी चालवतात, कुठल्या भागात जास्त चालवतात, यावर त्यातून अभ्यास झाले. फसवणूक पकडायला ठेवलेली वही वाहतुकीच्या अभ्यासाचं साधन बनली.

पण माग सरहद्दीवर तुटतो. युरोपीय संसदेने २०१८ साली यावर ठराव केला तेव्हा पुढे ठेवलेले अंदाज असे होते: देशांतर्गत विकल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांत ५ ते १२ टक्के, आणि एका देशातून दुसऱ्या देशात विकल्या जाणाऱ्यांत ३० ते ५० टक्के गाड्यांच्या मीटरशी छेडछाड झालेली असते. गाडी सीमा ओलांडते तेव्हा तिचा इतिहास मागेच राहतो. जिथे नोंद नाही तिथे लबाडीला जागा आहे.

याची दुसरी बाजूही वाचा. लबाडी पकडली जाते ती नोंदी असतात तिथेच. ज्या देशात वहीच नाही, तिथे पकडलेल्या केसेस थोड्याच दिसणार. त्या थोड्या दिसतात म्हणून तिथला बाजार स्वच्छ आहे असा निष्कर्ष काढलात, तर मौखिक परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

आपल्या बाजारात काय करायचं?

आपल्याकडे परिवहनच्या पोर्टलवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, कर्जाचा बोजा अशी माहिती मिळते. किलोमीटरची ओळ मात्र तिथे नसते. ती आपण गोळा करायची. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पावत्यांवर तारीख आणि किलोमीटर असतात. विम्याचा दावा झाला असेल तर सर्वेक्षकाच्या अहवालात बहुधा आकडा असतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर म्हणतंय १८,००० किलोमीटर, आणि चारही टायर २०२३ चे? मग विचारा, पहिले टायर गेले कुठे? आजच्या डिजिटल मीटरमध्ये आकडा एका चिपमध्ये असतो. बऱ्याच गाड्यांत तो इतर कंट्रोल युनिटमध्येही साठवलेला असतो, म्हणून जाणकार मेकॅनिक स्कॅनर लावून दोन्हीकडचे आकडे ताडून बघतो.

आता एक काल्पनिक ओळ देतो, सराव म्हणून. जुलै २०१८ ला नवी घेतलेली गाडी. पुढच्या नोंदी: जुलै २०१९ ला १५,१००, जानेवारी २०२० ला २३,०००, मार्च २०२१ ला २६,४००, मार्च २०२२ ला २८,९००, मार्च २०२३ ला ३१,०००. आकडा कुठेही कमी झालेला नाही. पण पहिल्या दीड वर्षात दरमहा सव्वाशेऐंशी... नाही, किलोमीटर नीट काढा: २३,००० भागिले १८, म्हणजे दरमहा जवळपास १,३००. त्यानंतरच्या ३८ महिन्यांत ८,०००, म्हणजे दरमहा साधारण २१०. मीटर मागे केलंय का?

उत्तर द्यायची घाई करू नका. टाळेबंदी होती. मालक घरून काम करू लागला असेल, निवृत्त झाला असेल, घरात दुसरी गाडी आली असेल. की दर सर्व्हिसआधी मीटर मागे घेतलं जात होतं? प्रत्येक शक्यतेतून वेगळा माग निघतो. गाडी खरंच कमी चालली असेल तर पेडलचं रबर, सीट, क्लच त्याच सुरात बोलतील आणि दुसऱ्या गाडीची आरसी घरात असेल. शंका म्हणजे निष्कर्ष नव्हे. पुढे कुठला पुरावा मागायचा, ते ती सांगते.

आणि अगदी प्रामाणिक मीटरही चुकतो, हेही लक्षात असू द्या. तो अंतर मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि ठरलेल्या परिघाने गुणतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल, बदलायची मर्यादा १.६. म्हणजे त्रिज्या जवळपास ६ मिलिमीटरने घटते. ३०० मिलिमीटरच्या त्रिज्येवर ही दोन टक्के झाली. चाक लहान झालं, तेवढ्याच अंतराला फेऱ्या वाढल्या, मीटर थोडं जास्त दाखवू लागलं. ही उपकरणाची त्रुटी. ती एका दिशेने जाते आणि तिचा हिशोब मांडता येतो. लबाडीचा तसा मांडता येत नाही. दोन्हींना एकाच ‘एरर’ शब्दाखाली ढकलू नका.

हेच दुसऱ्याच्या डेटाबद्दल

लवकरच तुम्ही कुणाचा तरी तयार डेटा वापरायला घ्याल. सीनिअरची एक्सेल शीट, सरकारी संकेतस्थळावरची फाइल, जुन्या प्रबंधातला तक्ता. तोही सेकंड हँडच असतो. रोमन खड्यांपासून कार-पासपर्यंतचा प्रवास त्याला जसाच्या तसा लावा. मूळ नोंद कोणी केली? त्याच वेळी केली की आठवून नंतर? उपकरणाची मर्यादा कुठे होती? मध्ये किती हात लागले, आणि प्रत्येक हाताने काय बदललं याची नोंद आहे का? निकाल ‘चांगला’ यावा यात नोंद करणाऱ्याचाच फायदा होता का? आणि ज्याचा काहीच फायदा नव्हता अशा कुणाची एखादी नोंद, प्रयोगशाळेचं लॉगबुक, केमिकल मागवल्याची पावती, यंत्राने आपोआप टाकलेली तारीख, त्या आकड्यांशी जुळते का?

ही तपासणी करताना आपण समोरच्यावर संशय घेतोय असं वाटून बऱ्याच जणांना अवघडल्यासारखं होतं. सीनिअरला कसं विचारायचं? पण अकेरलॉफ यांचा मुद्दा आठवा. तपासणी नसलेल्या बाजारात सगळ्यात जास्त तोटा चांगल्या गाडीच्या मालकाचा होतो. ज्याने तीन वर्षं रात्री जागून खरे आकडे घेतले, त्याला ‘तुमची मूळ वही दाखवाल का?’ हा प्रश्न अपमानाचा वाटत नाही. त्याच्या मेहनतीला किंमत मिळते ती त्या वहीमुळेच.

म्हणून स्वतःची वहीही आजपासूनच घाला. तारीख, उपकरण, आकडा, सही. चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नका. एक रेघ मारा, वाचता येईल असा ठेवा आणि शेजारी कारण लिहा. पाच वर्षांनी कोणीतरी तुमचा डेटा वापरायला घेईल आणि पहिला प्रश्न तोच विचारेल. तेव्हा खिडकीतल्या आकड्याकडे बोट दाखवण्याऐवजी पहिल्या पानापासूनची ओळ त्याच्यासमोर ठेवता आली पाहिजे.